हमी कुणाला आणि कशाची?

‘यूएसएड’ ही अमेरिकेची मदतसंस्था १ जुलै २०२५ रोजी अधिकृतपणे बंद झाली. ब्रिटनने त्याआधीच आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले होते. तेव्हापासून विकासाच्या पैशाविषयीचा एक जुना वाद पुन्हा तावातावाने घातला जातो आहे, आणि माझ्या मते तो चुकीच्या मुद्द्यावर घातला जातो आहे. एक पक्ष म्हणतो की दानाचे दिवस संपले. गरीब देशांनी आता खासगी गुंतवणूकदारांना बोलवावे आणि मदतसंस्थांनी त्यांच्यासाठी वाट मोकळी करून द्यावी. दुसरा पक्ष म्हणतो की सरकार, मदतसंस्था आणि गुंतवणूकदार यांची ही त्रिपक्षीय भागीदारी म्हणजे गरिबांच्या खिशात हात घालण्याची नवी रीत आहे. दोघेही खासगी भांडवलाच्या स्वभावावर हिरिरीने बोलतात. करारात काय लिहिले आहे, हे मात्र दोघांपैकी फारसे कुणी वाचत नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. अशा भागीदारीचा निवाडा एका प्रश्नावर व्हायला हवा : तीत हमी कुणाला दिली आहे आणि कशाची? वस्तू किंवा सेवा प्रत्यक्ष हाती आली की तिचे ठरलेले पैसे वेळेवर मिळतील, अशी हमी गुंतवणूकदाराला दिलेली असेल, तर ती भागीदारी गरीब देशाच्या उपयोगी पडू शकते. पण काहीही झाले तरी त्याचा परतावा बुडणार नाही, अशी हमी दिलेली असेल, तर ती भागीदारी नव्हेच. ते चढ्या व्याजाचे कर्ज आहे. भागीदारी या शब्दाला आपल्या बाजारपेठेत फार जुना आणि नेमका अर्थ आहे. नफ्यात वाटा मागणाऱ्याने तोट्यातही वाटा उचलायचा असतो. गावातला साधा किराणा दुकानदारही, तोट्याशी संबंध नाही म्हणणाऱ्याला भागीदार म्हणणार नाही, सावकार म्हणेल.

हा फरक नवा नाही आणि तो समजण्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीचे कौतुक आपण शाळेत शिकतो. ती गाडी ज्या कराराच्या जोरावर धावली तो करार शिकत नाही. १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांच्यात झालेल्या करारानुसार रेल्वे कंपनीच्या भागधारकांना त्यांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. रेल्वेला तेवढे उत्पन्न झाले नाही, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची. जमीन फुकट. पाच टक्क्यांवर उत्पन्न झाले तर त्यात भागधारकांचा वाटा, आणि धंदा नकोसा झाला तर सहा महिन्यांची सूचना देऊन रेल्वेमार्ग सरकारच्या गळ्यात बांधायचा व भांडवल परत घ्यायचे. अशा करारात काटकसर कोण करणार? हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले, की पाच टक्के निश्चित मिळणार असल्यामुळे आपला पैसा हुगळीत टाकला काय किंवा विटाचुन्यात घातला काय, इंग्रज भांडवलदाराला त्याचे सोयरसुतक नव्हते. या साक्षीदाराला खासगी भांडवलाचे वावडे नव्हते. तो साम्राज्याचा खजिना सांभाळलेला माणूस होता.

रेल्वेच्या त्या करारात आणखी एक गोष्ट होती, जी आजच्या वादात हमखास विसरली जाते. परतावा पौंडांत द्यायचा होता आणि कर रुपयांत गोळा व्हायचा. १८७० नंतर चांदीचा भाव पडत गेला, तसा दोन शिलिंगांचा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. लंडनच्या भागधारकाला त्याची झळ लागली नाही. सोलापूर-नगरच्या शेतकऱ्याच्या सारेपट्टीतून तोच परतावा भरण्यासाठी आता जास्त रुपये लागू लागले. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या वाहत्या ओघाचा हिशेब मांडला, त्यात रेल्वेची ही हमी होती. याचा अर्थ रेल्वे बांधायलाच नको होती असा होत नाही. बोरघाटातून गाडी वर चढली म्हणून दख्खनचा कापूस बंदरावर पोचला आणि दुष्काळात धान्य हलवण्याची सोय झाली, हे खरेच आहे. प्रश्न रेल्वेचा नव्हता. तिची जोखीम कुणाच्या डोक्यावर ठेवली, हा होता.

दीडशे वर्षांनी त्याच कोकणात हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. अंजनवेलच्या गोपाळगडावर उभे राहिले की खाली वाशिष्ठीचे मुख दिसते, पलीकडच्या तीरावर दाभोळ आणि अलीकडे वीजप्रकल्पाचे धुरांडे. प्रकल्प गुहागर तालुक्यात, नाव मात्र खाडीपलीकडच्या दाभोळचे. मी गेल्या हिवाळ्यात तिथे गेलो तेव्हा रस्ता विचारताना प्रकल्पाचे आजचे अधिकृत नाव घेतले; रिक्षावाल्याने क्षणभर विचार करून विचारले, “म्हणजे एन्रॉनला ना?” एन्रॉन ही प्रकल्प उभारणारी अमेरिकी कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, २००५ मध्ये प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कंपनीकडे आला, तरी लोकांच्या तोंडी नाव तेच राहिले आहे.

त्या कराराची यंत्रणा समजून घेणे आजही आवश्यक आहे. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये स्पर्धात्मक निविदा न मागवता महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी २० वर्षांचा वीजखरेदी करार केला. मंडळाने वीज घेतली किंवा न घेतली, तरी प्रकल्पाच्या क्षमतेचा स्थिर आकार दरमहा भरायचाच होता. तो डॉलरशी बांधलेला होता. मंडळ पैसे देऊ शकले नाही तर राज्य सरकारची हमी, आणि राज्य सरकारही देऊ शकले नाही तर केंद्राची प्रतिहमी. १९९३ मध्ये डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता. २००१ मध्ये तो ४७ रुपयांच्या घरात गेला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाल्यावर वीज महाग म्हणून मंडळाने ती कमी घेतली. कमी घेतली म्हणून तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला गेला आणि वीज आणखी महाग झाली. काही महिन्यांत दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला. दर वाढला म्हणून मंडळाने आणखी कमी घेतली. हे वर्तुळ कोणाच्या दुष्टपणामुळे सुरू झाले नव्हते. ते करारातच होते. कागद हातात आल्यावर पुण्याच्या ‘प्रयास’ या गटाने १९९५ मध्येच आकडेमोड करून यातले धोके दाखवून दिले होते. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली आणि मे महिन्याच्या अखेरीस प्रकल्प बंद पडला.

या कहाणीतील एक तपशील दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. खासगीकरणाचा आग्रह धरणारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला कर्ज नाकारले होते. आयात वायूची ही महाग वीज महाराष्ट्राच्या गरजेशी जुळत नाही आणि ती स्वस्त कोळशाच्या विजेला बाजूला सारील, असे बँकेने कळवले होते. मग पैसा कुठून आला? अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेकडून, अमेरिकी सरकारच्या ‘ओपिक’ या गुंतवणूक महामंडळाकडून, आणि मोठ्या प्रमाणावर आपल्याच आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय यांच्याकडून. म्हणजे ज्याला खासगी गुंतवणूक म्हणून मिरवले गेले, तिच्यामागे बहुतेक ठिकाणी कुठल्या ना कुठल्या देशाच्या करदात्याची पत उभी होती. हीच ‘ओपिक’ संस्था २०१८ च्या कायद्याने ‘यूएसएड’च्या पतहमी विभागासह नव्या विकास वित्त महामंडळात विलीन झाली. आज मदतीच्या जागी गुंतवणूक आणा असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बोट याच महामंडळाकडे असते. ते वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. पण गुहागरचा अनुभव असलेल्या माणसाने करार वाचल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत, एवढे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आता समोरच्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. ते असे, की सरकारे स्वतः काय दिवे लावत होती? ज्या वीज मंडळाची गळती आणि चोरी थांबत नव्हती, थकबाकी वसूल होत नव्हती, त्याच्याकडे नवा प्रकल्प उभारायला पैसा होता का? ज्या देशाच्या राजधानीतील एकमेव मोठे सरकारी रुग्णालय मोडकळीस आले आहे, तिथल्या आजारी माणसाला करारातील कलमांशी काय कर्तव्य? हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. सरकारी सेवा म्हटली की ती आपोआप लोकांची होते, हा समज अनुभवाने टिकत नाही. लेसोथोचे उदाहरण या आक्षेपाच्या बाजूने जितके बोलते तितकेच विरुद्धही बोलते, म्हणून ते सविस्तर पाहू.

लेसोथो हा चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, सुमारे वीस लाख वस्तीचा डोंगराळ देश. राजधानी मासेरूमधील जुने क्वीन एलिझाबेथ दुसरे रुग्णालय खिळखिळे झाले होते. जागतिक बँक गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या सल्ल्याने सरकारने २००८ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील नेटकेअर ही कंपनी आघाडीवर असलेल्या त्सेपोंग समूहाशी १८ वर्षांचा करार केला. नवे क्वीन मामोहातो स्मृती रुग्णालय २०११ मध्ये सुरू झाले. रुग्णांना शुल्क इतर सरकारी रुग्णालयांइतकेच. स्वतंत्र मूल्यमापनात असे दिसले, की रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण जुन्या रुग्णालयाच्या तुलनेत बरेच खाली आले होते. हे लहान यश नव्हे. जी माता आपले कमी वजनाचे बाळ तिथून घरी घेऊन गेली, तिला हा करार फसला असे सांगायला मी जाणार नाही.

पण करारातील एक कलम पाहा. वर्षाला २० हजार आंतररुग्ण आणि ३ लाख १० हजार बाह्यरुग्ण एवढ्यांची सोय ठरलेल्या वार्षिक रकमेत होती, आणि ती रक्कम महागाईनुसार वाढत जाणार होती. त्यापुढच्या प्रत्येक रुग्णाचे सरकारने वेगळे पैसे मोजायचे. म्हणजे दाखल होणारा वीस हजार एकावा रुग्ण ही सरकारच्या तिजोरीची काळजी, कंपनीची नव्हे. एचआयव्ही आणि क्षयाने पोखरलेल्या देशात, चांगले रुग्णालय उघडल्यावर लोक तिकडे धाव घेणार, हे करार लिहिणाऱ्यांना कळायला नको होते का? झाले तसेच. ऑक्सफॅम या मदतसंस्थेने २०१४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार हे एकच रुग्णालय देशाच्या आरोग्य अंदाजपत्रकाचा ५१ टक्के भाग घेत होते आणि जुन्या रुग्णालयाच्या निदान तिप्पट खर्चाचे होते. जागतिक बँकेला हा आकडा मान्य नव्हता. तिचा कमी आकडा धरला तरीही, लोकसंख्येचा मोठा भाग जिथे डोंगरातल्या खेड्यांत राहतो तिथल्या दवाखान्यांसाठी काय उरले, हा प्रश्न शिल्लक राहतोच. वेतनाच्या वादात २०२१ मध्ये शेकडो परिचारिकांना कामावरून काढण्यात आले आणि त्याच वर्षी सरकारने मुदतीआधीच करार संपवला. रुग्णालय चांगले होते. मागणीची जोखीम ज्याला पेलवणार नव्हती त्याच्याच माथी मारली गेली होती. पाच टक्क्यांच्या रेल्वेशी असलेले याचे नाते मी उलगडून सांगण्याची गरज नाही.

‘पण सरकारकडे पैसाच नाही, मग भागीदारीखेरीज उपाय काय?’ हे वाक्य या वादात इतक्या वेळा येते की ते कुणी तपासत नाही. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून फुकट पैसा येत नसतो. गुंतवणूकदार आज पैसा घालतो आणि वीस-पंचवीस वर्षे तो दराच्या किंवा करांच्या रूपाने परत घेतो. बहुतेक वेळा सरकार स्वतः ज्या व्याजाने कर्ज काढू शकले असते त्याहून हा पैसा महाग पडतो; मात्र तो कर्जाच्या रकान्यात दिसत नाही, म्हणून अर्थमंत्र्यांना गोड लागतो. ज्या ब्रिटनने या पद्धतीचा जगभर प्रसार केला, त्यानेच २०१८ मध्ये स्वतःच्या देशात असे नवे करार करणे थांबवले. शिवाय, २०१५ मध्ये ‘अब्जांचे लाख कोटी करू’ अशी जी भाषा आंतरराष्ट्रीय बँकांनी सुरू केली, तिचे पुढे काय झाले? सार्वजनिक पैशाचा एक डॉलर घातला की खासगी अनेक डॉलर धावत येतील, अशी ती कल्पना होती. लंडनच्या ओडीआय या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा विकास बँकांच्या एका डॉलरमागे सरासरी ७५ सेंट खासगी पैसा येत असल्याचे दिसले. सर्वांत गरीब देशांत तर फक्त ३७ सेंट. जिथे गरज सर्वाधिक, तिथे भांडवल सर्वांत कमी गेले. यात नवल नाही. भांडवल सुरक्षितता शोधते, तो त्याचा धर्म आहे. धोरण आखणाऱ्यांनी मात्र त्याच्याकडून दानशूरपणाची अपेक्षा ठेवून हिशेब मांडू नयेत.

इथपर्यंत वाचून भागीदारीचे विरोधक मला आपल्या पंगतीला बसवतील. तिथे मी बसणार नाही, आणि त्याचे कारण पुण्यात हडपसरला आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या हंगामात मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाच्या, साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे पंचवीस हजार दगावले. जे वाचले त्यांच्यातील अनेकांना बहिरेपण किंवा अपंगत्व आले. ‘अ’ गटाच्या जंतूवर टिकाऊ लस बनवण्याचे तंत्र जगाला ठाऊक होते, पण ती विकत घेणारे देश इतके गरीब की मोठ्या औषध कंपन्यांना त्यात स्वारस्य नव्हते. २००१ मध्ये ‘पाथ’ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या ७ कोटी डॉलरच्या अनुदानावर लसप्रकल्प सुरू केला. त्याचे प्रमुख मार्क लाफोर्स यांनी आधी केलेले काम महत्त्वाचे आहे : आफ्रिकेतील आरोग्य अधिकाऱ्यांना त्यांनी विचारले, तुम्हाला किती किंमत परवडेल? उत्तर आले, मात्रेला ५० सेंटांच्या आत. किंमत आधी ठरली, कारखाना नंतर शोधला गेला. बड्या कंपन्यांशी जमले नाही. अखेर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सरकारी प्रयोगशाळेने विकसित केलेले तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देण्यात आले आणि सीरमने त्या किंमतीत लस बनवण्याचे मान्य केले.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि काही दिवसांत एक कोटीहून अधिक लोकांना लस टोचली गेली. त्या लसीची कुपी हातात घेऊन पाहिली तर दहा मात्रांची, आत कोरडी पांढरी भुकटी. सोबतच्या द्रवात विरघळवली की सहा तासांच्या आत वापरायची. कुपीवर एक जांभळट वर्तुळ आणि त्याच्या मध्ये फिकट चौकोन असतो. कुपी जास्त तापली की चौकोन गडद होत जातो आणि वर्तुळाच्या रंगाशी जुळला की ती फेकून द्यायची. वाळवंटाच्या कडेला, वीज नसलेल्या गावात, लसटोचक कार्यकर्त्याला थर्मामीटरशिवाय कळावे म्हणून केलेली ही सोय. २०१२ मध्ये ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस शीतसाखळीबाहेर ठेवण्यास मान्यता मिळाली, म्हणजे बर्फाची पेटी न वाहता दूरच्या वस्तीवर जाता येऊ लागले. पुढच्या दशकात तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि ‘अ’ गटाच्या जंतूच्या साथी त्या पट्ट्यातून नाहीशा झाल्या. कंपनीला यात नाव, अनुभव आणि पुढची बाजारपेठ मिळाली. मिळायलाच हवी होती. मात्र लस उतरली नसती तर तिने स्वतः घातलेला पैसा बुडाला असता. तो भरून देण्याची हमी कोणत्याही आफ्रिकी सरकारने दिली नव्हती. पैसे मिळणार होते ते कुपीचे.

खासगी कंपनी आणि सार्वजनिक संस्था या दोन वेगळ्या दुनिया आहेत असे मानणाऱ्यांसाठी इथे थोडे विषयांतर करतो. १९६६ मध्ये सुरू झालेल्या सीरमची मुळे पूनावाला घराण्याच्या अश्वपालनात आहेत. त्या काळी तिथले निवृत्त घोडे रक्तजल बनवण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यातूनच आपणच लस का बनवू नये हा विचार आला. परळच्या सरकारी संस्थेचे ज्ञान नसते तर हडपसरचा कारखाना कदाचित नसता, आणि हडपसरचा कारखाना नसता तर अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतले तंत्र कागदावरच राहिले असते. यातून मला उमगणारी गोष्ट अशी, की ज्या सरकारला स्वतःला काम येते तेच चांगला सौदा करू शकते. लस बनवायला काय खर्च येतो हे ज्याला माहीत नाही, तो ५० सेंट मागूच शकत नाही. म्हणून सार्वजनिक संस्था कुजू देऊन भागीदारीच्या गप्पा मारणारे सरकार आपल्याच हाताने आपली घासाघीस करण्याची ताकद घालवत असते. हाफकिनच्या आजच्या अवस्थेकडे पाहणाऱ्या मुंबईकराला हे वेगळे सांगायला नको.

गुंतवणूकदारांच्या बाजूचा आणखी एक मुद्दा न्याय्य आहे आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, सरकारे बदलतात आणि करार मोडले जातात, म्हणून आम्ही हमी मागतो. १९९५ मध्ये महाराष्ट्रातील नव्या सरकारने दाभोळचा करार रद्द केला होता आणि नंतर फेरवाटाघाटी करून मोठा केला होता. बोलिव्हियातील कोचाबांबात २००० साली लोकांच्या उठावानंतर पाण्याचा करार गेला. टांझानियाने जागतिक बँकेच्या आग्रहातून झालेला दार-एस-सलामचा पाण्याचा करार २००३ मध्ये सुरू झाल्यावर दोनच वर्षांत रद्द केला. धास्ती खोटी नाही. पण या तिन्ही ठिकाणी करार का मोडले? एकाही ठिकाणी दर भरणाऱ्या लोकांना करार आधी दाखवलेला नव्हता. दाभोळचा करार सुरुवातीला गुप्त ठेवला गेला. कोचाबांबात लोकांना त्याची ओळख वाढलेल्या बिलातून झाली. जो करार लोकांपासून लपवावा लागतो, तो उघडा पडला की टिकत नाही, आणि मग गुंतवणूकदार पुढच्या वेळी आणखी मोठी हमी मागतो. राजकीय धोक्याचे खरे औषध प्रतिहमी नव्हे, सही करण्यापूर्वी प्रसिद्ध केलेला मसुदा आहे.

हमी सरसकट वाईट, असेही मी म्हणत नाही. मध्य प्रदेशातील रेवा येथील ७५० मेगावॅटच्या सौरप्रकल्पातही हमी होती, राज्य सरकारची होती आणि आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ तिथेही सल्लागार होते. फरक पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये खुला लिलाव झाला आणि पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैशांपर्यंत खाली आला. दर रुपयांत होता. इंधन सूर्यप्रकाश, त्यामुळे आयातीच्या भावाची धास्ती नाही. प्रकल्पातून वीज बाहेर नेण्याच्या यंत्रणेसाठी जागतिक बँकेचे कर्ज वापरले आणि विजेचा एक हिस्सा दिल्ली मेट्रोने घेतला, जी बिल थकवणारी ग्राहक नव्हे. वीज विकली की पैसे अडकणार नाहीत, एवढीच धास्ती हमीने दूर केली, म्हणून बोली खाली आली. तेच महामंडळ, तीच ‘भागीदारी’, आणि लेसोथोच्या अगदी उलट फळ. मग दोष संस्थेचा म्हणायचा की कागदाचा?

हेच मोजमाप आता एका ताज्या प्रकरणाला लावून पाहण्याची वेळ आली आहे. करोनाकाळात गरीब देशांसाठीच्या ‘कोव्हॅक्स’ योजनेची मोठी भिस्त पुण्याच्या एका कारखान्यावर होती. मार्च २०२१ मध्ये आपल्याकडे दुसरी लाट उसळल्यावर निर्यात थांबली आणि आफ्रिकेतील आरोग्य कर्मचारी महिनोन् महिने दुसऱ्या मात्रेची वाट पाहत राहिले. मेनिंजायटिसच्या लसीचे जे यश मी वर सांगितले, त्याची ही दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर माझा युक्तिवाद अप्रामाणिक ठरेल. कोणत्याही कराराने पुणेकरांच्या आधी आफ्रिकेला लस दिली असती असे नाही. जगाने सगळी अंडी एका टोपलीत ठेवली होती. त्यातूनच जून २०२४ मध्ये ‘गावी’ या लसआघाडीने आफ्रिकेतच लसनिर्मिती उभी राहावी म्हणून दहा वर्षांत एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देण्याची योजना जाहीर केली. तिच्यात पैसे कारखान्याच्या भिंती उभ्या राहिल्या म्हणून मिळत नाहीत; लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्यावर आणि पुढे गावीच्या निविदा जिंकून पुरवलेल्या प्रत्येक मात्रेवर मिळतात. माझ्या निकषावर ही रचना उतरते. पण ज्या कंपन्या त्यात उतरतील त्यांच्याकडे तंत्र स्वतःचे असेल, की बाहेरून आलेला द्रव फक्त कुप्यांत भरण्याचे काम असेल? ज्या आफ्रिकी सरकारांच्या नावे हे चालले आहे, त्यांनी सेनेगल किंवा दक्षिण आफ्रिकेतील कंपनीची थोडी महाग लस घ्यायची की भारतातील स्वस्त, हे कोण ठरवणार आणि दरातला फरक कोण सोसणार? जून २०२५ मध्ये ब्रसेल्सला गावीसाठी ११.९ अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले होते. हाती ९ अब्जांच्या थोडे वर आश्वासने आली आणि अमेरिकेने हात काढून घेतला. आता हा फरक कोणाच्या तरी पानात वाढला जाणार आहे, आणि तो कोणाच्या हे ठरवणारे मसुदे याच वर्षा-दोन वर्षांत लिहिले जाणार आहेत.